आजोबांच्या पेटीतल्या तबकड्या : सोलापुरात जुनी गाणी रेकॉर्डवरून ऐकायला शिकताना

माळा झाडताना पत्र्याची पेटी निघते. वर पिवळं पडलेलं वर्तमानपत्र, खाली काळ्या तबकड्या. काहींना कव्हर, काही उघड्याच. घरातल्या प्रत्येकाचा हात आधी ओल्या फडक्याकडे जातो, मग 'लावून तर बघू' म्हणून मशीनकडे. दोन्ही आठवडाभर थांबवा. चाळीस वर्षं माळ्यावर पडून तबकडीचं जितकं वाटोळं होत नाही तितकं पहिल्या संध्याकाळी चुकीच्या सुईखाली होतं. चर, म्हणजे तबकडीवरची सुईची बारीक वाट, एकदा खरवडला की त्यातला आवाज गेला. कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणत नाही.

आधी माल ओळखा

सोलापूरच्या पेट्यांत सरमिसळ ठरलेली. हिंदी सिनेमाच्या जोडीला मराठी भावगीतं आणि नाट्यपदं, मधेच कन्नड भक्तिगीतं, आणि पेटी पूर्व भागातल्या घरातली असेल तर तेलुगूही. भाषेप्रमाणे गठ्ठे लावायचा मोह होतो, पण पहिली वाटणी मालाप्रमाणे करायची. कारण सुई, वेग आणि धुण्याचं पाणी, तिन्ही त्यावर ठरतं.

१० इंची, हाताला जड, काठाला नखाने हलकी टिचकी मारली तर कौलासारखी टणक वाजणारी, दर बाजूला एकच गाणं असलेली तबकडी म्हणजे ७८ ची. मिनिटाला ७८ फेरे, म्हणून हे नाव. ती लाखेची असते. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचं ते मिश्रण. ती वाकत नाही, थेट मोडते. पाटावरून पडली तरी दोन तुकडे. आपल्याकडे या तबकड्या १९६० चं दशक सरत आलं तरी निघत होत्या, त्यामुळे रंगीत सिनेमातलं गाणं ७८ वर सापडलं तर ते नकली समजू नका.

१२ इंची, हलकी, किंचित लवचीक असते ती एलपी. प्लॅस्टिकची, वेग ३३⅓, एका बाजूला पाच-सहा गाणी. ७ इंची छोटी ती ईपी. तिच्यावर बहुधा चार गाणी आणि वेग ४५. इथे एक फसगत होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीला 'सुपर सेव्हन' नावाच्या ७ इंची तबकड्या आल्या, त्या ३३⅓ वर चालतात. ४५ वर लावल्या की गायक बारीक, चिरक्या आवाजात पळत सुटतो आणि लोक मशीन दुरुस्तीला नेतात. लेबलवर वेग छापलेला असतो, तो वाचला की काम भागतं.

तडा गेलेल्या ७८ वेगळ्या काढा. उजेडात तिरकी धरून बघा. केसाएवढी रेघ काठापासून आत गेलेली दिसते. अशी तबकडी वाजते, पण प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' देते आणि हलकी सुई तिथे उडू शकते.

लेबल वाचून वहीत उतरवा

वाजवण्याआधी वही करा. प्रत्येक तबकडीला एक ओळ: सिनेमा, गाण्याचे पहिले चार-पाच शब्द, गायक, संगीतकार, गीतकार, कंपनी, लेबलवरचा क्रमांक, आणि तबकडीची अवस्था. लेबलच्या कडेला गुळगुळीत काळ्या पट्ट्यात कोरलेले बारीक आकडेही उतरवून घ्या. एकच गाणं दोनदा ध्वनिमुद्रित झालं असेल किंवा तबकडी पुन्हा नव्याने काढली असेल, तर ते या आकड्यांवरून कळतं.

लेबलवरच्या गायकाच्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १९४० च्या दशकात पार्श्वगायकाऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापायची पद्धत होती. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे सिनेमातलं पात्र, आवाज लता मंगेशकरांचा. याची उलटी बाजूही आहे. १९४८ च्या 'अनोखा प्यार'मध्ये जी गाणी पडद्यावर मीना कपूर यांच्या आवाजात आहेत, तीच तबकडीवर लताबाईंच्या आवाजात आहेत. संगीतकार अनिल विश्वास. तेव्हा 'सिनेमात तर दुसराच आवाज होता' असं घरातलं कुणी म्हातारं माणूस म्हणालं तर त्याच्या स्मरणशक्तीवर हसू नका. बरोबर तेच असतील.

सालाचं कोडं सोडवायला कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी केलेले 'हिंदी फिल्म गीत कोश'चे खंड उपयोगी पडतात. १९३१ पासून १९८० पर्यंत, दशकाला एक खंड. पेटीत 'आलम आरा'ची तबकडी मात्र शोधू नका. १९३१ च्या त्या पहिल्या बोलपटात सात गाणी होती, पण त्यांची रेकॉर्ड निघालीच नाही.

वही भरताना सोलापूरकरांनी एका नावावर नजर ठेवावी : 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६, दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत वसंत देसाई. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, १९१० साली इथेच जन्मलेले. या सिनेमाची एखादी बाजू निघाली तर ती प्रयोगाला वापरायची नाही. प्रयोगासाठी गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी एक घासलेली ७८ आणि एक घासलेली एलपी आधीच बाजूला काढा. पहिला महिना याच दोघींवर हात बसवायचा.

सुई

नवखे मशीनवर पैसे घालतात आणि सुईला विसरतात. उलटं करा.

७८ चा चर रुंद असतो. त्याला ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीचा चर बारीक, त्याला ०.७ ते १ मिल, म्हणजे १८ ते २५ मायक्रॉन. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती भिंतींना न टेकता चराच्या तळाशी घरंगळत जाते. तळाशी वर्षानुवर्षांची माती असते, म्हणून गाणं दूर आणि खरखर जवळ ऐकू येते. उलटं केलं, ७८ ची सुई एलपीवर ठेवली, तर ती चरात बसतच नाही आणि दोन्ही काठ खरवडत जाते. पहिल्यात सुई झिजते, दुसऱ्यात रेकॉर्ड जाते.

जुन्या प्लेअरच्या डोक्याशी, म्हणजे सुई बसवलेल्या भागाशी, एक छोटी कळ असते. ती फिरवली की सुई उलटते. एका अंगाला ७८ ची, दुसऱ्या अंगाला एलपीची. बहुधा हिरवा ठिपका ७८ चा आणि लाल एलपीचा, पण रंगावर जाण्यापेक्षा कोरलेलं वाचा. पुष्कळ मशीनवर एका अंगाचं टोक केव्हाच गळून पडलेलं असतं आणि नुसती दांडी उरलेली असते. घड्याळवाल्यांकडचं डोळ्याला लावायचं भिंग आणा आणि बघा. टोक गोल, चकचकीत दिसलं पाहिजे. सपाट झालेलं, कडा आलेलं टोक म्हणजे पटाशी. नीलमण्याचं टोक ४०-५० तासांत झिजतं, हिऱ्याचं काही शे तास टिकतं. जुन्या सुईचा इतिहास ठाऊक नसेल तर ती झिजलेली धरूनच चाला आणि नवी मागवा.

भोंग्याच्या, चावीच्या ग्रामोफोनला पोलादी पिन लागते आणि तिचा नियम एकच : एका बाजूला एक पिन. गाणं संपलं, पिन टाकली. लाखेत दगडाची पूड घातलेली असते ती याचसाठी. पहिल्या काही फेऱ्यांत पिनीचं टोक चराच्या मापाला घासून बसावं म्हणून. गाणं संपेपर्यंत त्या टोकाला धार आलेली असते. तीच पिन पुढच्या तबकडीवर ठेवली की ती कापायला लागते. 'अजून नवीच दिसते की' हा हिशोब चालत नाही, कारण ही झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वापरलेल्या पिना वेगळ्या डबीत टाका, नाहीतर नव्यांत मिसळतात. आणि ग्रामोफोनवर एलपी कधीही, गंमत म्हणूनही, लावायची नाही. त्या डोक्याचं वजन शंभर ग्रॅमच्या घरात असतं. एका फेरीत एलपी संपते.

वजनाचंच बोलायचं तर चांगल्या चुंबकी कार्ट्रिजला, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या डोक्याला, एलपीवर १.५ ते २ ग्रॅम पुरतात, ७८ च्या सुईला ३ ते ५. स्वस्त सुटकेस प्लेअरमधल्या सिरॅमिक डोक्याचा भार ५-६ ग्रॅम असतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज सोडा. हलकी सुई चरात उड्या मारते आणि प्रत्येक उडीला भिंत टवका देते. मोजायला छोटा डिजिटल सराफी काटा मिळतो, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. मशीन बंद ठेवून सुई काट्याच्या मधोमध टेकवायची. काट्याची थाळी तबकडीच्याच उंचीवर हवी, नाहीतर आकडा चुकतो.

मशीन घेताना

बाजारात चकचकीत पितळी भोंग्याचे ग्रामोफोन दिसतात. त्यातले बहुतेक अलीकडे जोडलेले : भोंगा नवा, पेटी नवी, आत कुठलं तरी डोकं. दिवाणखान्यात शोभतात. तबकडी वाचवायची असेल तर त्यावर लावू नका.

सुटकेससारखे जुने प्लेअर, एचएमव्ही फिएस्टा वगैरे, अजून निघतात आणि दुरुस्तही होतात. त्यात तीन गोष्टी तपासा. आतलं रबरी चाक कडक होऊन त्याला खळगा पडला असेल तर गाण्याखाली सतत धडधड येते. पट्टा सैल असेल तर सतारीचा लांबलेला सूर डुलतो. आवाजाचं बटण फिरवताना चरचर झाली तर ती फवाऱ्याने साफ होते, तो मोठा दोष नाही.

नवा प्लेअर घेणार असाल तर त्याला ७८ चा वेग आहे का हे आधी विचारा, पुष्कळांना नसतो. असला तरी सोबत येणारी सुई एलपीचीच असते, ७८ ची वेगळी घ्यावी लागते. चुंबकी कार्ट्रिज असेल तर मधे फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवून सावरणारी छोटी पेटी, हवा. तो न लावता थेट अँपच्या ऑक्समध्ये वायर घातली तर आवाज डब्यातून आल्यासारखा किरटा येतो. सतत 'हंऽऽ' असा गुंजारव आला तर टोनआर्मची, म्हणजे सुईच्या दांड्याची, बारीक अर्थिंगची वायर जोडली आहे का बघा. जुन्या वाड्यांत भिंतीतल्या सॉकेटलाच अर्थिंग नसतं, तेव्हा वायरमनला बोलवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला प्लेअर हा सोलापुरातल्या घरांत नेहमीचा घोळ. ट्रान्सफॉर्मर लावून २३० चे ११० व्होल्ट होतात, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०. ते ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही. मोटर थेट विजेच्या ठेक्यावर चालणारी असेल तर सगळं सहाला पाच या प्रमाणात मंद होतं. ७८ ची ६५ होते आणि गाणं तीन पट्ट्या खाली उतरतं. बायकांचा आवाज पुरुषी वाटला की आधी ही शंका घ्या.

मशीन सपाट जागी हवं. गवंड्याकडे असते ती पाणसळ मशीनच्या फिरत्या थाळीवर ठेवून दोन्ही दिशांनी बघा आणि पायाखाली पत्त्याचे तुकडे सारून समतोल साधा. शहाबादी फरशीवरचं जड लाकडी टेबल उत्तम. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका, त्याची थरथर सुईत शिरते.

वेग हार्मोनियमवर तपासा

साधी मोजणी आधी करा. तबकडीच्या काठावर कागदाचा तुकडा अडकवा, घड्याळ लावा. ७८ साठी एका मिनिटात ७८ फेरे. एलपीसाठी तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. सुई टेकवून मोजायचं, कारण सुईच्या ओढीने वेग थोडा उतरतो. म्हणून या कामाला प्रयोगाचीच तबकडी.

याहून नेमकं हवं तर स्ट्रोबची, म्हणजे वेग तपासायच्या रेघांची, चकती छापून घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्या उजेडात ३३⅓ ला १८० रेघांची, ४५ ला १३३ रेघांची आणि ७८ ला ७७ रेघांची चकती स्थिर दिसते. रेघा पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे तर कमी. एलईडी दिव्याखाली पुष्कळदा काहीच दिसत नाही. पिवळा जुना बल्ब किंवा चोकची ट्यूबलाइट लावा.

मग बाजाची पेटी काढा. भजनी मंडळामुळे आपल्याकडे गल्लीत एखादी हार्मोनियम असतेच. गायकाचा 'सा' शोधा आणि तो एखाद्या पट्टीवर नीट बसतो का बघा. एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात साधारण ६ टक्क्यांचा फरक. सूर दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत असेल तर वेग ३ टक्क्यांच्या आसपास चुकला असण्याची शक्यता मोठी.

दूरदर्शनवर किंवा डीव्हीडीवर ऐकलेल्या गाण्याशी मात्र तुलना करू नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपली टीव्हीची पद्धत २५ ची. तो टीव्हीवर दाखवताना ४ टक्के जलद पळतो आणि गाणं पाऊण पट्टीच्या जरा आत वर चढतं. ज्यांचे कान रविवारच्या सिनेमावर तयार झाले आहेत त्यांना बरोबर वेगातली तबकडी 'जरा झोपलेली' वाटते. दोन दिवस ऐकली की कान जागेवर येतो.

धुणं

नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका. सोलापूरच्या पाण्यातले क्षार बादलीच्या काठावर जसे पांढरे बसतात तसे चरात बसतात आणि मग प्रत्येक कण टकटकतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. बाटली नीट वाचून घ्या. शेजारच्याच फळीवर बॅटरीचं ॲसिड असतं.

एक लिटर पाण्याला भांड्यांच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब. जास्त घातला तर साबणच चरात वाळतो. लेबल झाकायला स्टीलच्या डब्याचं झाकण उलटं दाबून धरा. मऊ कापड किंवा लहान बाळाचा केसांचा ब्रश पाण्यात बुडवून चराच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, तीन-चार फेरे. आडवं घासायचं नाही. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसून उभी वाळवा, पंख्याखाली नव्हे, कारण पंखा धूळच टाकतो. ७८ पाण्यात भिजत ठेवू नका. मिनिटभरात काम उरकायचं.

स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तराचा बोळा, यातलं काहीही ७८ ला लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरच्या पॉलिशवाल्याला विचारा, तो लाखदाणा स्पिरिटमध्येच घोळतो. तबकडी बघता बघता मंद पडते आणि चराच्या कडा वितळतात. एलपीला मात्र चिकट डाग असेल तर पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. खोबरेल लावून चमकवलेल्या तबकड्याही विकायला येतात. दिसायला सुंदर, पण सगळी धूळ तेलात चिकटलेली. त्यांना साबणाचं पाणी दोन-तीनदा द्यावं लागतं.

यंत्रमाग चालतात त्या गल्ल्यांत धुळीपेक्षा तुसाचा त्रास मोठा. सुताचं बारीक तूस हवेतून येऊन सुईच्या टोकाला गोळा होतं, गाण्याच्या मध्यावर आवाज भरल्यासारखा बसका होतो आणि 'स', 'श' फाटतात. सुई उचला, मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. बोटाने कधीच नाही. त्याच कारणाने रेकॉर्ड पुसायला टर्किश टॉवेल घेऊ नका. सोलापुरी टॉवेल अंगाला चांगला, तबकडीला नाही. तो कामाला येतो प्रवासात : मुंबईच्या चोर बाजारातून किंवा हैदराबादहून ७८ आणायच्या असतील तर कव्हरसह उभ्या रचून भोवती टॉवेल ठासायचे आणि खोका मांडीवर ठेवायचा.

एलपीच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं थोडं फाटतंच, तो धुण्याचा दोष नाही. आतल्या फेऱ्यांचा घेर लहान असतो, त्यामुळे तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून किती तरी चढतो. एलपीचं प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या गाडीच्या मागच्या काचेखाली हे अर्ध्या तासात होतं. तेव्हा माळा नको, पश्चिमेची भिंत नको. घरातली सगळ्यात थंड खोली, जमिनीपासून वीतभर उंच फळी. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, फार घट्ट नाही, कलत्या तर अजिबात नाहीत. आडव्या रचलेल्या गठ्ठ्यात खालच्या ७८ मोडतात आणि एलपी वाकतात. कागदी कव्हरांना कसर लागते म्हणून कुणी डांबर गोळ्या टाकतं, त्या पेटीत नकोत. वर्षातून दोनदा कव्हरं झटकली तरी पुरतं.

वाकलेली एलपी दोन काचांत घालून उन्हात सरळ करायचे प्रयोग सोडून द्या. दहातल्या नऊ आणखी बिघडतात.

नक्कल करून ठेवा

एका तबकडीचं आयुष्य किती फेऱ्यांचं हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून पहिल्या चांगल्या वाजण्यातच नक्कल करा. प्रीअँपमधून संगणकाच्या लाइन-इनला जा, माइकच्या भोकात नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा सूर उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. मिनिटाला साधारण १७ एमबी जागा लागते. सव्वातीन मिनिटांची ७८ म्हणजे ५५ एमबी. ही मूळ फाइल जशीच्या तशी जपायची आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करायची.

७८ मोनो असते, म्हणजे डावी-उजवीकडे एकच आवाज, तेव्हा फाइलमधले डावे-उजवे दोन्ही चॅनेल एकत्र मिसळून एकच करा. एवढ्यानेच खरखर बरीच उतरते. आधुनिक प्रीअँप एलपीच्या हिशोबाने तीव्र स्वर दाबतो, म्हणून ७८ त्यातून मंद आणि दबलेली येते. ट्रेबल थोडा चढवा. सॉफ्टवेअरमधल्या खरखर काढून टाकण्याच्या सोयीला मात्र हात आखडता ठेवा. ६-८ डेसिबलच्या पुढे गेलात की गायक पाण्याखालून गातो आहे असं वाटतं, आणि लोक त्यालाच 'स्वच्छ' म्हणतात.

फाइलला वहीतलाच क्रमांक द्या. इंटरनेटवर चढवायचं मनात असेल तर एवढं ध्यानात घ्या : भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि शब्द व चाल यांचा हक्क वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

आता ऐका

७८ च्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपासच जागा होती. त्यामुळे सिनेमातलं एखादं कडवं, सुरुवातीचा लांब आलाप, मधला संवाद तबकडीवर नसतो. कधी चालीचा वेगही वेगळा. लांब गाणं दोन बाजूंत तोडलेलं असतं, भाग १ आणि भाग २. गाणं अर्ध्यात संपलं असं वाटलं तर उलटून बघा.

नवख्याने एक बाजू सलग तीनदा ऐकावी, पण नक्कल केलेली फाइल लावून. पहिल्यांदा फक्त शब्द. दुसऱ्यांदा फक्त ताल : ढोलक कुठे शिरते, कडव्यात ठेका बदलतो का, शेवटच्या ओळीला हात थांबतो का. तिसऱ्यांदा गायक सोडून द्या आणि दोन ओळींमधल्या जागा ऐका. हातात घड्याळ आणि वही. सुरुवातीचं वाद्यसंगीत किती सेकंद, मुखडा कधी सुरू, पहिलं कडवं कधी, असे आकडे मांडले की ध्यानात येतं, सव्वातीन मिनिटांतली मोजकी सेकंदं संगीतकार वाद्यांवर खर्च करतो ते किती मोजून-मापून. त्या जागा भरणाऱ्यांची नावं लेबलवर नसत. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही गोव्याची मंडळी वाद्यरचना लिहीत होती. शंकर-जयकिशनकडच्या दत्ताराम यांच्या ढोलकीच्या चालीला तर वादक 'दत्ताराम ठेका'च म्हणू लागले.

घरातल्या ज्येष्ठांना ऐकवताना एक अडचण येते. 'आवाज तसा नाही वाटत' असं ते म्हणतात. त्यांच्या कानातलं गाणं रेडिओवरचं असतं : १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला', १९५७ पासून विविध भारती. शॉर्ट वेव्ह आणि मीडियम वेव्हवर तीव्र स्वर पोचतच नसत, सगळं गोलसर ऐकू येई. त्यांच्यासाठी ट्रेबल निम्म्यावर आणा आणि मोठ्या स्पीकरऐवजी एकच छोटा लावा. चेहरा बदललेला दिसेल.

चार माणसं जमवून बैठक करायची असेल तर दहा-बारा बाजू पुरे, दीड तासात. दर बाजूनंतर पिन बदलणं, ब्रश फिरवणं, लेबल वाचून दाखवणं यात दोन-तीन मिनिटं जातात आणि बोलणंही त्यातच होतं. चहा, भाकरी आणि शेंगाची चटणी शेजारच्या खोलीत. तेलकट बोटाचा ठसा ७८ वर बसला की पुन्हा साबणाचं पाणी आलं. तबकडी धरायची ती काठ आणि लेबल यांवरच, दोन्ही तळहातांत. शेवटी सुईचा दांडा उचलून त्याच्या टेकूवर अडकवा, थाळी थांबली की मगच तबकडी काढा, आणि वहीत तिच्या ओळीपुढे आजची तारीख घाला.